‘मुका मार आहे, होईल बरं’: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. २२ वर्षं मुलींचा कबड्डी संघ सांभाळते आहे, त्याआधी स्वतः खेळले. हे पत्र एका मुलीच्या गुडघ्याबद्दल आहे. तो वाचवायची पहिली संधी माझ्या हातात होती आणि ती मी घालवली, म्हणून आधी तेच सांगते.

नववीतली मुलगी, आमची पहिली चढाईपटू. जिल्हास्तरावरचा सामना होता, मातीचं मैदान, पहाटे पाऊस होऊन गेलेला. बोनस घेऊन ती मध्यरेषेकडे वळली तेव्हा पाऊल ओल्या मातीत धरलं गेलं. अंग फिरलं, पाऊल फिरलं नाही. समोरच्या संघातल्या कुणीही तिला धरलेलं नव्हतं. खाली बसली आणि म्हणाली, “बाई, आत काहीतरी कट्टकन वाजलं.” मी स्प्रे मारला, क्रेप बँडेज गुंडाळलं, दोन मिनिटं चालवून पाहिलं. चालली. आम्ही सात गुणांनी मागे होतो. मी तिला पुन्हा उतरवलं.

पुढच्याच चढाईत गुडघा सटकला. संध्याकाळपर्यंत एवढा सुजला की सलवार वर सरकेना. घरी आंबेहळदीचा लेप झाला, मग हाडवैद्याकडे तीन दिवस चोळून घेणं झालं, मग एक्स-रे. एक्स-रे पाहून सांगण्यात आलं, हाड शाबूत आहे, मुका मार आहे, होईल बरं. तीन आठवड्यांत सूज उतरली. मुलगी शाळेत चालत यायला लागली, जिना चढायला लागली. आम्हा सगळ्यांना वाटलं, बरी झाली.

मंत्रिमहोदय, फसगत होते ती इथे. एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना बांधून ठेवणारी दोन लिगामेंट एकमेकांना छेद देत जातात. त्यातलं पुढचं ते एसीएल. नडगी पुढे सरकू नये, वळताना गुडघा फिरून जाऊ नये, हे काम त्याचं. ते तुटलेला माणूस काही आठवड्यांनी सरळ रस्त्यावर व्यवस्थित चालतो, कधी कधी सरळ धावतोसुद्धा. ज्या क्षणी वेगात दिशा बदलतो, त्या क्षणी गुडघा साथ सोडतो. आणि आमचे खेळ सगळे दिशा बदलण्याचेच. खो-खोतली हुलकावणी, कबड्डीतली परतीची उडी, कुस्तीतला पवित्रा.

पुढे जे मी शिकले ते खेळाडूंवर उपचार करणाऱ्या एका अस्थिरोगतज्ज्ञांकडून. त्यांनी मला तीन प्रश्न पाठ करायला लावले. आत काही वाजल्यासारखं झालं का? काही तासांतच गुडघा फुगला का? पाय टेकताना गुडघा आपला नाहीच, सटकतोय, असं वाटतंय का? एसीएलमध्ये रक्तवाहिन्या असतात, ते तुटलं की सांध्यात रक्त भरतं, म्हणून सूज लगेच येते. दुसऱ्या दिवशी हळूहळू येणारी सूज वेगळी आणि दोन-चार तासांत टम्म होणारा गुडघा वेगळा. तसा गुडघा लिगामेंट तुटलंय असं धरूनच सांभाळायचा, नाही हे सिद्ध होईपर्यंत.

तपासणीही साधी आहे. लॅकमन चाचणी म्हणतात. गुडघा २० ते ३० अंशांत वाकवायचा, एका हाताने मांडी पक्की धरायची, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची. चांगल्या गुडघ्यात दोरी ताणून थांबल्यासारखा टणक अटकाव लागतो. तुटलेल्यात नडगी पुढे येतच राहते. दोन्ही पायांची तुलना करायची, इतकंच. सूज आणि वेदना फार असतील तर स्नायू आखडतात आणि काही कळत नाही, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासायचं. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. लागतो तो शिकलेला हात. एमआरआय त्यानंतर, खात्रीसाठी आणि आतली गादी, म्हणजे दोन हाडांमधली मेनिस्कस, फाटली आहे का हे पाहण्यासाठी.

आमच्या मुलीला पुन्हा कुणी तपासलंच नाही. दोन महिन्यांनी ती सरावाला आली, मीच बोलावलं होतं. चौथ्या दिवशी गुडघा वाकलेल्या अवस्थेत अडकला, सरळ होईना. लिगामेंट नसलेल्या गुडघ्यावर खेळून आतली गादी फाटली होती आणि तिचा तुकडा सांध्यात अडकला होता. लिगामेंट नवं बसवता येतं. गादीचा जो भाग कापून काढावा लागतो तो परत मिळत नाही, आणि अशा गुडघ्याला संधिवात लवकर गाठतो. हे दोन महिने माझ्या मनातून जात नाहीत.

मग पैशांचा प्रश्न. वडील ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर ट्रॅक्टर चालवतात. पतसंस्थेचं कर्ज निघायला आणि घरच्यांचं मन वळायला वर्ष गेलं. ‘पोरीच्या गुडघ्यावर टाक्यांची खूण राहील, उद्या स्थळ बघायला येतील’ हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. मुलाचा गुडघा असता तर पोलीस भरतीचा विचार करून घरच्यांनी धावपळ केली असती. एकाच खेळात मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा दुपटी-तिपटीने होते, आणि उपचार मात्र मुलींचेच आधी थांबतात.

शस्त्रक्रियेत तिच्याच मांडीच्या मागच्या स्नायूची शीर (टेंडन) काढून तिचं नवं लिगामेंट केलं. टाके निघाले म्हणजे काम झालं, असं गावाला वाटलं. खरं काम तिथून सुरू होतं. बसवलेली शीर पहिले काही महिने उलट कमकुवत होते, मग हळूहळू लिगामेंटसारखी होते. चौथ्या महिन्यात पाय दुखत नाही, मुलगी पळायला मागते, आणि नेमका तेव्हाच तो गुडघा खेळायला तयार नसतो. नऊ महिन्यांच्या आत मैदानावर परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच मोठा असतो. त्यानंतरही दोन्ही मांड्यांची ताकद आणि एका पायावरची उडी मोजूनच परवानगी द्यायची असते. या नऊ महिन्यांत फिजिओथेरपिस्ट लागतो. आमच्याकडून सर्वांत जवळचा ३८ किलोमीटरवर आहे. एसटीने जाऊन-येऊन दिवस मोडतो. सहा वेळा गेली, मग घरीच मोबाइलवर बघून व्यायाम.

प्रत्येक गुडघ्याला शस्त्रक्रिया लागते असंही नाही. गुडघ्याच्या आतल्या कडेचं लिगामेंट ताणलं किंवा थोडं फाटलं तर बहुतेकदा पट्टा आणि व्यायाम यांवर काही आठवड्यांत जुळून येतं. वयात येणाऱ्या मुलांची हाडं अजून वाढत असतात, तिथे शस्त्रक्रियेचा निर्णय जपून घ्यावा लागतो. कोणता गुडघा कोणत्या वाटेने न्यायचा हे ठरवायला तो वेळेत जाणत्या माणसासमोर यायला हवा, आणि माझी सगळी कळकळ तेवढ्यासाठीच आहे.

कुस्तीपटू विनेश फोगट यांचं उदाहरण मी मुलींना सांगते. २०१६ला रिओ ऑलिम्पिकमध्ये त्यांचा उजवा गुडघा गेला, स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं. ऑगस्ट २०२३मध्ये डाव्या गुडघ्याच्या एसीएलची शस्त्रक्रिया आपल्या मुंबईतच झाली. वर्षभराच्या आत पॅरिसमध्ये त्यांनी जपानच्या ऑलिम्पिक विजेत्या युई सुसाकीला हरवलं. तुटलेलं लिगामेंट म्हणजे खेळाचा शेवट नाही, पण त्यामागे सर्जन, फिजिओ आणि मोजून दिलेला वेळ असावा लागतो. आपण १५ जानेवारीला खाशाबा जाधवांच्या जन्मदिनी राज्य क्रीडा दिन साजरा करतो. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधल्या कुस्तीतल्या त्या कांस्यपदकानंतर पुढच्या ऑलिम्पिकला ते जाऊ शकले नाहीत, कारण गुडघ्याची दुखापत. त्या वेळी आजच्यासारखी शस्त्रक्रिया नव्हती. आज आहे, आणि तरी माझ्या संघातली मुलगी त्याच जागी थांबली.

म्हणून मागते. शालेय स्पर्धांची परिपत्रकं आपल्या विभागाकडून निघतात, त्यात एक नियम घाला. सामन्यात ज्याचा गुडघा सुजला किंवा सटकला, तो खेळाडू त्या दिवशी पुन्हा उतरणार नाही, आणि डॉक्टरांनी हाताने तपासून लिहून दिल्याशिवाय पुढच्या सामन्यातही नाही. तेव्हा हा नियम असता तर सात गुणांची पिछाडी असतानाही मला तिला बसवावं लागलं असतं. शिक्षकाला अशा वेळी नियमाचा आधार लागतो, मी अनुभवाने सांगते.

आमची प्रशिक्षणं होतात, त्यात एक दिवस गुडघ्यासाठी ठेवा. उडीनंतर गुडघे आत न वळवता, वाकवून कसं उतरायचं, वळताना पावलं लहान कशी टाकायची, मांडीच्या मागच्या स्नायूंना बळ कसं द्यायचं. अशा १५ ते २० मिनिटांच्या सरावाने, आठवड्यातून दोन-तीनदा नेमाने केल्यास, या दुखापती लक्षणीय कमी होतात हे जगभर फुटबॉलमध्ये दिसलं आहे. खर्च शून्य. मी आता हे करून घेते आहे, मुली आधी कंटाळतात, मग अंगवळणी पडतं.

आणि तालुका क्रीडा संकुलात आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट बसवा. इमारती उभ्या आहेत, खोल्या रिकाम्या आहेत. एमआरआय आणि शस्त्रक्रियेचा खर्च शाळेच्या संघातून खेळताना झालेल्या दुखापतीपुरता तरी शासनाने उचलावा, आणि तो अर्ज कुणाकडे करायचा हे प्रत्येक क्रीडाशिक्षकाला ठाऊक असावं. मला ठाऊक नव्हतं.

ती मुलगी आता बारावीत आहे. गुडघा चालण्यापुरता ठीक आहे, मांडी घालून बसता येत नाही. आमच्या सामन्यांना येते आणि टेबलावर बसून गुण लिहिते. गेल्या मोसमात आमच्या एका नव्या मुलीचा पाय मुरगळला तेव्हा माझ्याआधी तीच उठली, मैदानात गेली आणि तिने विचारलं, “आत वाजलं का गं?”

आपली,
एक क्रीडाशिक्षिका,
सातारा जिल्हा