दोघांनीही खोडलेला परिच्छेद

संगमनेर
रविवार, रात्री

प्रिय वासू,

हे फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर तू मधेच बोलतेस, मग मी भांडते, आणि मूळ मुद्दा कुठल्या कुठे जातो. म्हणून लिहायला बसले.

तब्येत ठीक. गोळ्या चालू आहेत, गुडघ्याचं नेहमीचंच. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता अख्खा पेपर मला मोठ्यानं वाचून दाखवतात. झालं तब्येतीचं.

मंडळाच्या पुस्तिकेबद्दल तुला बोलले होते ना? नववी-दहावीच्या मुलांसाठी, प्रवरेकाठच्या जुन्या वस्त्यांवर. पाच धडे लिहून दिले. चार बिनबोभाट पास झाले. जोर्व्याची लाल खापरं, त्यावरचे काळे पट्टे, तोटीची भांडी सगळ्यांना पसंत. दायमाबादचा १९७४ साली सापडलेला बैलरथ तर मुखपृष्ठावर घ्यायचं ठरलं. पाचव्या धड्याचं नाव ‘आपण कुठून आलो?’ आणि तिथेच माशी शिंकली.

बुधवारी बैठक होती. आबा होते, दत्ताभाऊ होते, बाकीचे तुला माहीत आहेतच. सगळ्यांना आधीच झेरॉक्स दिल्या होत्या. आबांनी पेन्सिलीनं खोडून आणलेला परिच्छेद असा: इसवी सनपूर्व २००० ते १५०० च्या सुमारास मध्य आशियाच्या गवताळ पट्ट्यातली, म्हणजे स्टेपची माणसं इकडे येऊन मिसळली. दत्ताभाऊंनी खोडलेला निराळाच: आर्यांनी घोड्यांवर बसून येऊन सिंधूकाठची शहरं कापून काढली याला उत्खननात पुरावा नाही. आबांचं म्हणणं, ‘आपण इथलेच, हे मुलांना ठणकावून सांगा.’ दत्ताभाऊंचं म्हणणं, ‘आक्रमणच झालं, जोतीरावांनी लिहून ठेवलंय.’ दोघेही तावातावानं बोलले. मला त्याचं काही वाटलं नाही, अगं. हे भांडण आपण दोघींनी, तू ‘इथलेच’वाली आणि मी ‘आले’वाली, इनामगावच्या उत्खननाच्या कॅम्पवर इतकं भांडलोय की ते दोघे आपल्यापुढे कच्चे. कच्छमधल्या सुरकोटड्याच्या हडप्पाकालीन वस्तीतल्या त्या हाडांवरून, ती घोड्याची की रानगाढवाची, म्हणजे घोडा आर्यांच्या आधीच इथं होता की नव्हता, तू माझ्याशी बोलणंच टाकलं होतंस. मेसमध्ये ताट घेऊन दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचीस, आणि कांदा मात्र माझ्याच ताटातून न्यायचीस.

बैठक संपल्यावर सगळ्या प्रती गोळा करून घरी आणल्या आणि जेवणं झाल्यावर एकावर एक ठेवून बघत बसले. तेव्हा दिसलं. आबा आणि दत्ताभाऊ, दोघांनीही खोडलेला एक परिच्छेद होता. बैठकीत त्यावर एक अवाक्षर निघालं नव्हतं.

कुठला ते सांगते. २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेनं आणि हार्वर्डच्या लोकांनी ७३ समूहांचे नमुने तपासून जे मांडलं, ते मी मुलांच्या भाषेत चार ओळींत लिहिलं होतं. आजच्या भारतीयांच्या पूर्वजांचे जुने गट सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत भरपूर मिसळले. इतके, की अगदी भिल्लांसारख्या आडबाजूच्या समाजांतही ती मिसळण दिसते. आणि मग पुढे ती आटली. माणसं आपापल्या गटातच लग्नं करू लागली.

बस, एवढंच. यातलं आबांना काय टोचलं ते उघड आहे. जात ही सृष्टीबरोबर आलेली नाही, आधी सर्रास मिसळणारी माणसं नंतर कधीतरी मिसळायची थांबली, असा त्याचा अर्थ होतो. दत्ताभाऊंनाही का टोचलं, तेही मला कळतं. सगळेच मिसळलेले निघाले तर ‘आम्ही मूळचे, तुम्ही उपरे’ ही रेघ पुसट होते. एकाला जात नंतरची नको, दुसऱ्याला रक्त सरमिसळ नको. म्हणून साडेतीन हजार वर्षांपूर्वी कोण कुठून आलं यावर दोघे घसा फोडून भांडतात, आणि दोन हजार वर्षांपूर्वी दारं कुणी लावली, ती अजून का उघडत नाहीत, हा प्रश्न दोघे मिळून गुपचूप खोडतात. वासू, मला त्या रात्री झोप आली नाही.

तुलाच का लिहितेय हे तुला कळेल. राखीगढीच्या हडप्पाकालीन सांगाड्यांच्या डीएनएचा निकाल आला तो सप्टेंबर २०१९ चा दिवस आठव. हरियाणातल्या हिसार जिल्ह्यातली ती दफनभूमी, आपल्याच डेक्कन कॉलेजनं वसंत शिंदे सरांच्या हाताखाली खोदलेली. साठाहून जास्त नमुने तपासले, उष्ण हवेनं बहुतेकांतला डीएनए संपलेला, आणि एका बाईच्या कानाच्या आतल्या टणक हाडातून तेवढं हवं ते मिळालं. सकाळी तुझा फोन, ‘स्टेपचा मागमूस नाही तिच्यात! जिंकले मी!’ आणि ठेवूनही दिलास. रात्री परत फोन. आवाजात तोच हुरूप. ‘अगं, त्याच आठवड्यातला दुसरा निबंध वाचलास का? ५२३ जुनी माणसं तपासलीत, आणि स्टेपवाले येतात, पण हडप्पाची शहरं ओसरत असताना आणि नंतर. म्हणून ते बाईत नाहीत. म्हणजे तूही जिंकलीस!’ दोन्ही निबंधांवर कितीतरी नावं तीच होती. दुसऱ्या दिवसापासून चॅनलवाल्यांनी एकच निबंध धरून ‘आर्य आलेच नाहीत’ म्हणून ढोल वाजवले, आणि पलीकडच्यांनी दुसरा धरून उलटे ढोल. दोन्ही वाचून रात्री फोन करणारी माझ्या माहितीत तू एकटी. आयुष्यभर ज्या बाजूनं भांडलीस त्या बाजूचं अर्ध म्हणणं एका संध्याकाळीत सोडून दिलंस, आणि तुला त्याचा आनंद झाला होता. तुझ्याबद्दल मला जो अभिमान वाटतो ना, तो हा.

(आणि घाईनं निकाल देणाऱ्याला ‘भांडारकर’ म्हणायची आपली पद्धत आठवते का? १९११-१२ साली देवदत्त भांडारकर मोहेंजोदडोला जाऊन आले आणि विटा बघून म्हणाले, हे फार तर दोनशे वर्षांचं. इतके मोठे विद्वान! तू खापराचा काळ सांगायला तोंड उघडलंस की सगळा ट्रेंच ओरडायचा, ‘भांडारकर!’)

बैठकीत मी आपल्या मोठ्या माणसांबद्दलही बोलले. कारण आबा टिळकांचं नाव घेत होते आणि दत्ताभाऊ फुल्यांचं. मी म्हटलं, आबा, टिळकांनी १९०३ साली आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ नेऊन ठेवलं, दीर्घ उषेच्या ऋचांवरून. म्हणजे टिळकांच्या हिशेबानं आपण इथले तर नाहीच, पार बर्फातले. आबा गप्प. मग दत्ताभाऊंना म्हटलं, ‘गुलामगिरी’ १८७३ ची. आर्य भट, म्हणजे ब्राह्मण, इराणकडून आले असं जोतीराव त्यात म्हणतात, खरं आहे. पण बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्रांवरचं पुस्तक लिहिलं, त्यात आर्य वंशाचा आणि आक्रमणाचा सिद्धांत पार झोडपून काढला, आणि तेच पुस्तक अर्पण कुणाला केलं? महात्मा फुल्यांना. ज्याच्या पायाशी पुस्तक ठेवलं त्याचंच एक म्हणणं त्याच पुस्तकात नाकारायला किती मोठं मन लागत असेल! जोतीरावांचा प्रश्न बाबासाहेबांनी सोडला नाही, उत्तर तेवढं बदललं. हे मला मुलांपर्यंत न्यायचंय. दत्ताभाऊ म्हणाले, ‘मॅडम, मुलांना एवढं झेपणार नाही.’

झेपतं ग. गेल्या महिन्यात हा धडा मी शाळेत वाचून बघितला. कोण मागे, कोण पुढे, कोण बाकाखाली डबा उघडतंय. व्हीलर या इंग्रज उत्खननकारानं मोहेंजोदडोच्या सांगाड्यांवरून आर्यांच्या इंद्राला कत्तलीचा आरोपी केलं आणि १९६४ साली जॉर्ज डेल्सनं मोहेंजोदडोचे ते सांगाडे थरांनिशी पुन्हा तपासून कत्तलीची गोष्ट मोडीत काढली, हे सांगताना सगळे कान टवकारून. मितन्नी नावाच्या जुन्या राज्याच्या राजाच्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य साक्षीला आहेत, तेही तिकडे सीरियाच्या बाजूला, इसवी सनपूर्व चौदाव्या शतकात, म्हटल्यावर एक जण म्हणाला, ‘म्हणजे आपले देव फॉरेनला पण होते?’ वर्ग हसून लोळला. मग मी राखीगढीच्या बाईचं सांगितलं. तिच्यासारख्या लोकांचा वारसा आज या देशात सगळ्यांत मोठा आहे, थोडा कमी, थोडा जास्त, पण जवळजवळ सगळ्यांत. त्यावर मधल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. जोर्व्याहून सायकलनं येते, वेणीला रबर नाही, सुतळी बांधलेली. म्हणाली, ‘मॅडम, सगळे मिसळत होते, तर मग थांबले का?’

वासू, चाळीस वर्षांत मला वर्गात यापेक्षा चांगला प्रश्न कुणी विचारला नाही. मी तिला काय उत्तर दिलं ते भेटीत सांगेन, ते पुरं नव्हतंच. पण तो प्रश्न ज्या चार ओळींतून आला, त्याच ओळी आता जाणार आहेत.

तू सांगितलेली इरावतीबाई कर्व्यांची गोष्ट मला सारखी आठवते. १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनमध्ये कवट्या मोजत बसलेली आपल्याकडची तरुण मुलगी, आणि प्राध्यापकांना आधीच ठाऊक की युरोपियनांच्या कवटीत काहीतरी वेगळं श्रेष्ठपण निघणार. हिनं मोजलं, निघालं नाही, आणि निघालं नाही असं प्रबंधात लिहून दिलं. परक्या देशात, परीक्षकासमोर. आणि आपण इथं आपल्या गावात, आपल्याच माणसांसमोर चार ओळी राखू शकत नाही?

अध्यक्षांनी शेवटी तोडगा काढलाय: ‘वाद नको, पाचवा धडाच काढू, जोर्व्याची भांडी छान आहेत.’ भांडी छान आहेतच. पण इनामगावला घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून पुरलेले ते दोन कुंभ तू ब्रशनं साफ केलेस तेव्हा तुझे हात कसे थरथरत होते, मी बघितलंय. आत लहान मुलाची हाडं होती, बोटभर. आपण तेव्हा भांडी खोदत नव्हतो. माणसं शोधत होतो.

मुग्धाचं घर लागलं का? नातू बोलायला लागला असेल. तुझ्या खांद्याचं काय झालं ते दोन ओळी लिही. दिवाळीला इकडे येणार म्हणाली होतीस, त्याचं नक्की कर, म्हणजे वरची खोली झाडून ठेवते.

आता माझं ठरलंय ते ऐक. धडा जाईल तर तिन्ही परिच्छेदांसह जाईल, नाहीतर पुस्तिकेवर माझं नाव नको. पण मला वाटतं, त्याआधी एक गोष्ट करून बघावी. धड्याखाली दोघींची नावं घालू. एक आयुष्यभर ‘इथलेच’ म्हणणारी, एक ‘आले’ म्हणणारी, आणि दोघींना मान्य असलेला एकच मजकूर. आबा तुला मानतात, तुझं नाव बघून त्यांना एकदम नाही म्हणता येणार नाही. दत्ताभाऊंना मी बघते. सोबत धड्याची प्रत पाठवलीय. जिथं पटत नाही तिथं लाल पेनानं झोड, नेहमीसारखी. पण तो परिच्छेद वाच आणि ठेवायचा की नाही ते सांग, आणि नावाला हो म्हणतेस का तेही. शुक्रवारी मजकूर छापखान्यात द्यायचाय, गुरुवारी संध्याकाळपर्यंत तुझं कळलं पाहिजे. त्यासाठी मात्र फोन कर.

तुझी,
शैला