चेंडू पंचाच्या हातात

नोव्हाय, मिशिगन
27 डिसेंबर 2023

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी जेवताना तू सांगितलेस, की पुढच्या वर्षी, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षी, तू (अमेरिकन) फुटबॉल खेळणार नाहीस. मी कारण विचारल्यावर ‘मला ते आता आवडेनासे झाले आहे’ एवढेच तू म्हणालास आणि मी ‘हे काही कारण झाले का? आपल्या घरात काम अर्धवट टाकायची पद्धत नाही’ असे म्हणून ताटावरून उठलो. त्याला आज महिना झाला. या महिन्यात गाडीच्या किल्ल्या आणि दारातला बर्फ यांपलीकडे आपले बोलणे झालेले नाही. समोर बसून सांगायला गेलो तर मी पुन्हा काहीतरी तोडून बोलेन, म्हणून हे पत्र. रविवारच्या मराठी शाळेत तू जेवढे शिकलास तेवढ्यावर ते वाचता येईल. अडेल तिथे आईला विचार.

आपल्या डेट्रॉइट लायन्स संघाच्या धावपटूच्या, बॅरी सँडर्सच्या, गोष्टी सांगतच मी तुला वाढवले. तू सात वर्षांचा असताना मी तुला 20 क्रमांकाची निळी जर्सी घातली होती आणि गेल्या सप्टेंबरात लायन्सच्या मैदानाच्या, फोर्ड फील्डच्या, बाहेर त्याचा पुतळा उभा राहिला तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुला तिथे घेऊन गेलो. पण त्याची कारकीर्द मी तुला नेहमी अर्धीच सांगितली. शेवट मी गाळत आलो, कारण तो शेवट मला स्वतःला पटत नव्हता.

तो कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात 16 जुलै 1968 रोजी जन्मला. घरात अकरा भावंडे होती आणि वडील विल्यम सँडर्स छपरे घालण्याचे व सुतारकाम करीत. अंगकाठी लहान; पूर्ण वाढ झाल्यावरही तो पाच फूट आठ इंचांचाच राहिला. शाळेच्या संघात धावण्याची जागा त्याच्या मोठ्या भावाकडे असल्यामुळे बॅरीला ती अगदी शेवटच्या वर्षी मिळाली. साहजिकच फार थोड्या महाविद्यालयांनी त्याला विचारले. ओक्लाहोमा स्टेटमध्ये गेल्यावर तिथेही पहिली दोन वर्षे थर्मन थॉमससारख्या कसलेल्या धावपटूच्या मागे त्याला थांबावे लागले. तिसऱ्या वर्षी, 1988 मध्ये, जागा रिकामी झाली आणि अकरा सामन्यांत त्याने 2,628 यार्ड धावून 37 टचडाऊन केले, म्हणजे तितक्या वेळा चेंडू घेऊन तो समोरच्या संघाच्या शेवटच्या पट्टीत पोचला. महाविद्यालयीन फुटबॉलमधला एका हंगामातल्या यार्डांचा तो विक्रम पस्तीस वर्षांनंतरही मोडलेला नाही. सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा हाइझमन करंडक मिळाल्याची बातमी त्याला टोकियोत कळली. संघ तिथे सामना खेळायला गेला होता.

पुढच्या वर्षी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत डेट्रॉइट लायन्सनी त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडले. त्या पहिल्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यात जे घडले ते मी तुला नम्रतेचा धडा म्हणून अनेकदा सांगितले आहे. अटलांटातला सामना लायन्सच्या खिशात होता. सबंध लीगमध्ये सर्वांत जास्त यार्ड धावण्याचा मान मिळवायला बॅरीला फक्त दहा यार्ड कमी पडत होते आणि त्याने मनात आणले असते तर तो पुन्हा मैदानात जाऊ शकत होता. त्याने नको म्हटले. सामना जिंकला आहे, आता दुसऱ्यांना खेळू द्या, अशी त्याची भूमिका होती. मान कॅन्सस सिटीच्या ख्रिश्चन ओकोये याला मिळाला: 1,480 विरुद्ध 1,470. टचडाऊन केल्यावर इतर खेळाडू नाचत किंवा चेंडू जमिनीवर आपटत असताना हा मात्र चेंडू पंचाच्या हातात ठेवून बाकाकडे चालू लागायचा. दहा वर्षांत त्याने धावून 99 टचडाऊन केले आणि त्याची ही सवय सुटली नाही.

मी सांगलीत शाळेच्या मैदानावर कबड्डी खेळलेला माणूस, त्यामुळे अमेरिकेत आल्यावर हा खेळ मला त्याच्याच पायांमुळे कळला. चढाईला गेलेला गडी पकड येताना पाहून जसा आधी अंग मागे घेतो, हुलकावणी देतो आणि मग मोकळ्या बाजूने सुटतो, तसेच तो डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅककडून चेंडू पोटाशी घेतल्यावर करायचा. समोरचा लाइनमन अंगावर येईपर्यंत थांबायचा, एक पाय रोवायचा आणि दिशाच बदलायचा. याची किंमतही होती. मागे सरून वाट शोधताना पकडला गेला तर पदरी उणे यार्ड पडायचे. शिवाय सुरुवातीच्या वर्षांत लायन्सची खेळण्याची पद्धत अशी होती, की त्याच्यापुढे वाट करून देणारा फुलबॅक बहुतेक वेळा नसायचाच. 31 डिसेंबर 1994 रोजी ग्रीन बेतल्या बाद फेरीच्या सामन्यात तेरा वेळा चेंडू घेऊन त्याच्या नावावर एकूण उणे एक यार्ड लागला. चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकची जागा कशी असते ते तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. सामन्यात वीस-पंचवीस वेळा चेंडू हातात येतो आणि बहुतेक प्रत्येक वेळी शेवट कोणीतरी आदळण्यानेच होतो. म्हणूनच या जागेवरच्या अनेकांची कारकीर्द तीन-चार वर्षांतच आटोपते. बॅरी दहा वर्षे खेळला आणि एकाही वर्षी हजार यार्डांच्या खाली आला नाही.

मी मिशिगनला आलो 1997 च्या ऑक्टोबरात. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी आम्ही चौघे मित्र भाड्याच्या घरात गालिच्यावर बसून खिचडी खात टीव्ही पाहत होतो. लायन्सनी शिकागो बेअर्सचा 55–20 असा धुव्वा उडवला, त्यात बॅरीचे 167 यार्ड आणि तीन टचडाऊन होते. नियम एकही कळत नव्हता, तरी आम्ही उभे राहून ओरडत होतो. त्या हंगामाच्या पहिल्या दोन सामन्यांत मिळून त्याचे फक्त 53 यार्ड झाले होते. त्यानंतरच्या चौदाही सामन्यांत त्याने शंभरी ओलांडली.

त्यातला शेवटचा सामना, 21 डिसेंबर 1997, मी स्वतः पाँटियाकच्या सिल्व्हरडोममध्ये पाहिला. कचेरीतल्या एका सहकाऱ्याने जास्तीचे तिकीट दिले होते. तो दिवस मी तुला ‘दोन हजार यार्डांचा दिवस’ म्हणून सांगत आलो. हंगामात दोन हजारांवर जाणारा तो लीगमधला तिसराच. दोन यार्डांच्या एका साध्या धावेने त्याने आकडा गाठला, सर्वांनी त्याला मिठ्या मारल्या आणि लगेच तो 53 यार्ड पळाला. लायन्स 13–10 ने जिंकले आणि हंगामाची बेरीज 2,053 झाली. हे सगळे खरे आहे. मी जे सांगितले नाही ते असे, की त्याआधी थोडा वेळ लायन्सचा रेजी ब्राउन नावाचा तेवीस वर्षांचा लाइनबॅकर एका धडकेनंतर पडला आणि उठला नाही. त्याची शुद्ध गेली, श्वास थांबला, डॉक्टरांनी तिथेच मैदानावर त्याला कृत्रिम श्वास दिला. रुग्णवाहिका मैदानात आली. दोन्ही संघांचे खेळाडू गुडघे टेकून बसले होते. मोठ्या गर्दीत इतकी शांतता मी पुन्हा कधी अनुभवली नाही. माझ्या शेजारचा अनोळखी माणूस हातातला कागदी पेला चुरगाळत राहिला होता, तो आवाज मला ऐकू येत होता. ब्राउन वाचला, शस्त्रक्रियेनंतर चालूही लागला, पण पुन्हा खेळला नाही. आणि आम्ही? सामना सुरू झाला तसे पुन्हा ओरडू लागलो. मीही ओरडलो.

आता शेवट. 1998 मध्ये संघ पाच सामने जिंकला, अकरा हरला. त्याच वर्षी बॅरीपुढे वर्षानुवर्षे वाट काढणाऱ्या केविन ग्लोव्हरला संघाने जाऊ दिले होते. बॅरीच्या दहा वर्षांत लायन्सनी बाद फेरीत एकच सामना जिंकला, 1992 च्या जानेवारीत डॅलसविरुद्ध. तरीही त्याची बेरीज 15,269 यार्ड होती आणि वॉल्टर पेटनचा 16,726 यार्डांचा सार्वकालिक विक्रम 1,457 यार्डांवर आला होता. 1998 मध्ये तो 1,491 धावला होता, म्हणजे आणखी एका हंगामाचाच प्रश्न होता. 1999 च्या जुलैअखेरीस सराव शिबिर सुरू होण्याच्या तोंडावर त्याने आपल्या गावच्या, विचिटाच्या वर्तमानपत्राला फॅक्सने निवेदन पाठवले आणि तो लंडनला निघून गेला. वय एकतीस, मोठी दुखापत नाही. निवेदनातले कारण एका वाक्याचे होते: खेळात राहण्याच्या इच्छेपेक्षा खेळातून बाहेर पडण्याची इच्छा आता मोठी झाली आहे. करारापोटी घेतलेल्या एक कोटी दहा लाख डॉलरांपैकी काही रक्कम त्याला लवादाच्या निर्णयानुसार परत करावी लागली.

त्या दिवशी कचेरीत सगळे संतापलेले होते आणि सर्वांत जास्त मी. मी त्याला पळपुटा म्हणालो. संघ वाईट होता म्हणून, पैशासाठी, प्रशिक्षकाशी पटले नाही म्हणून, अशी कारणे मी वर्षानुवर्षे शोधत राहिलो. त्याने लिहिलेले एका वाक्याचे कारण मात्र मी कधी मानलेच नाही. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला वॉल्टर पेटन यकृताच्या आजाराने गेला. विक्रम तेव्हाही त्याच्याच नावावर होता. पुढे 2002 मध्ये डॅलसच्या एमिट स्मिथने तो मोडला. बॅरीचे वडील ज्याला जन्मभर सर्वांत श्रेष्ठ मानत आले, आपल्या मुलाहूनही श्रेष्ठ, तो जुन्या पिढीतला धावपटू जिम ब्राउनदेखील 1966 च्या जुलैमध्ये तिशीत, ऐन भरात, असाच लंडनमधून निवृत्त झाला होता. हे मला अलीकडे कळले आणि कळल्यावर बराच वेळ मी काही बोललो नाही.

ओंकार, माझ्या संगणकावर तुझ्या प्रत्येक सामन्याचे यार्ड मी लिहून ठेवले आहेत. शाळेच्या विक्रमाला तुला 611 यार्ड कमी आहेत, हे तुला कदाचित माहीतही नसेल. मला पाठ आहे. त्या रविवारी तू ‘आवडेनासे झाले आहे’ म्हणालास तेव्हा मी मनात तेवढेच यार्ड मोजत होतो. तू नवव्या इयत्तेपासून तीन वर्षे पहाटे साडेपाचला उठून सरावाला गेलास, बोट मोडले तेव्हा एकही सामना चुकवला नाहीस, आणि तरी मी तुझ्या कामाला अर्धवट म्हणालो. तो शब्द मी परत घेतो. तू दिलेले कारण पुरेसे आहे. ते मला त्याच वेळी कळायला हवे होते.

परवा रविवारी लायन्सनी तीस वर्षांनी विभागाचे विजेतेपद मिळवले. मी एकटा दिवाणखान्यात बसून पाहिले, तू वर तुझ्या खोलीत होतास. पुढचा सामना शनिवारी रात्री डॅलसविरुद्ध आहे. खाली येशील का? नाही आलास तरी राग नाही.

प्रशिक्षकांना जानेवारीत शाळा उघडल्यावर कळवायचे आहे. ते तुझे तूच सांग. मी सोबत हवा असेन तर येईन आणि बाहेर गाडीत थांबेन. खांद्याचे पॅड आणि शिरस्त्राण शाळेचे आहे. दोन्ही मी गॅरेजमध्ये पुसून, पिशवीत घालून ठेवले आहे.

तुझा,
बाबा