वैजू, मॉडेल वरून बघायचं नसतं

सोलापूर,
एप्रिल, रविवार दुपार

प्रिय वैजू,

फोन करणार होते. पण फोनवर तू अर्ध्यात 'थांब गं, क्लायंट आलाय' म्हणतेस आणि माझं बोलणं तिथंच राहतं. हे अर्ध्यात राहून चालणार नाही, म्हणून पत्र. घरात सांगून बघितलं. हे म्हणाले, 'पुठ्ठ्याच्या घरावरून एवढं मनाला लावून घ्यायचं?' आता तूच सांग, यांच्याशी काय बोलू?

तब्येती एकदाच सांगून टाकते. आईची शुगर आहे तशी, माझी पाठ बरी, ऊन 42 वर ठाण मांडून बसलंय. झालं.

परवा आमच्या आर्किटेक्चर कॉलेजात सेकंड इयरची ज्युरी झाली, पोरांच्या डिझाइनची समोरासमोर तपासणी. विषय मीच दिला होता, राहायची आणि कामाची जागा एका छपराखाली. सोलापुरात हा विषय शोधायला जावं लागत नाही. अशोक चौकाकडून पूर्वेला कुठल्याही गल्लीत शीर, पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत चूल. अट एकच, पहिले काही आठवडे प्लॅनला हात लावायचा नाही. फक्त कोलाज आणि कच्ची मॉडेलं. आपल्याला शिकवणाऱ्या सरांचाच नियम आहे, तुला वेगळं सांगायला नको.

वर्गात एक मुलगी आहे. घरी तेलुगू, शाळा मराठी, आणि कॉलेजात इंग्रजीत प्रेझेंटेशन द्यायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो. पण हात असा की कटर चालवताना बघत राहावं. तिच्या घरी आजोबांचा खड्ड्याचा माग होता. तुला माहीतच आहे, माग जमिनीलगत, विणणारा खड्ड्याच्या काठावर बसलेला, पाय खाली खड्ड्यात. पुढे यंत्रमाग आला, खड्डा बुजवून त्यावर शहाबादी फरशी बसली, आणि आता नेमकं त्याच फरशीवर तिची आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. माणूस बदललं, धंदा बदलला, बसायची जागा तीच आणि नजरेची उंचीही तीच, जमिनीपासून अडीच फूट.

हे तिला मी सांगितलं नाही गं. तिनं ते मॉडेल करताना शोधलं. बाकी पोरं भिंतींपासून सुरुवात करत होती, हिनं आधी जमीन कापली. बॉक्सबोर्डात एक लांबट खाच, माणूस पाय सोडून बसेल एवढी. मॉडेल 1:20 चं, म्हणजे खऱ्याच्या विसाव्या हिश्शाचं. त्या मापाला बसलेल्या माणसाची नजर पावणेचार सेंटिमीटरवर येते. तिनं काडेपेटीची काडी तेवढी तोडून खाचेच्या काठाशी उभी चिकटवली, आणि प्रत्येक बदलानंतर मोबाइलचा कॅमेरा काडीच्या टोकाशी लावून फोटो काढला. पहिल्या फोटोत काय दिसलं माहितीये? खिडकी तिनं सगळे ठेवतात तशी तीन फुटांवर ठेवली होती. काडीच्या टोकावरून खिडकीतून फक्त समोरच्या घराचा पत्रा आणि आभाळाची चिरी दिसते. वारा डोक्यावरून जातो, उजेड समोरच्या भिंतीवर पडतो आणि जिथं पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा, ते हात अंधारात. तिनं खिडकी खाली ओढली. मग अजून खाली. शेवटी भिंतीचा खालचा पट्टाच उघडा केला आणि वरची भिंत बंद ठेवली. आपल्याला सवय नेमकी उलटी आहे ना!

कुंभारीला रे नगरची घरं झालीत, 30 हजार घरांची वसाहत, विडी, यंत्रमाग आणि अशाच असंघटित कामगारांसाठी. जानेवारी 2024 मध्ये त्यातल्या 15 हजार घरांचं लोकार्पण झालं. हिची मावशी तिकडे राहायला गेली आणि सामान लावायच्या आधी तिनं दाराजवळची बसायची जागा ठरवली, कारण उजेड तिथं. मुलीनं हे मला मॉडेल हातात धरून सांगितलं. असं कुठल्या सर्व्हे फॉर्मात येतं का? फॉर्मात 'व्यवसाय: विडी' एवढंच येतं.

आणि कोलाज. घरातल्या पुढच्या खोलीचा फोटो, त्याची काळीपांढरी झेरॉक्स, त्यावर तेंदूपत्त्याच्या कातरणी, बटर पेपर, आणि जॅकार्डची जुनी भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं. चादरीवरचा मोर ज्या भोकांतून उमटतो ती. कार्ड तिनं आधी नुसतं रंगासाठी चिकटवलं होतं. एक कडा सुटली, कार्ड उभं राहिलं, मागून कुणीतरी टॉर्च धरला आणि ठिपके झेरॉक्समधल्या फरशीवर पडले. आजी बसते त्याच फरशीवर. ती एकदम गप्प झाली, मग म्हणाली, 'मॅडम, ही भिंतच होते की.' दुसऱ्या दिवशी ते कार्ड मॉडेलमध्ये भिंत होऊन आलं.

तुला आता आर्किटेक्ट मीसचं ते कोलाज आठवणार, मला खात्री आहे. 1942 चं, कॉन्सर्ट हॉलचं. अल्बर्ट कान या दुसऱ्या आर्किटेक्टच्या विमान कारखान्याचा आतला फोटो, वर छप्पर पेलणाऱ्या पोलादी कैच्यांची रांग, आणि त्यावर मीसनं चिकटवलेले सपाट तुकडे, कुठे भिंत, कुठे छत. कारखाना तसाच राहतो आणि त्याच्या पोटात गाण्याची जागा तयार होते. त्यावरून आपण मेस बंद होईपर्यंत भांडलो होतो. तू म्हणत होतीस, दुसऱ्याची इमारत घेतली आणि वर आपलं नाव लावलं, ही सरळ चोरी. मी म्हणत होते, अख्खी इमारत न बांधता दोन भिंतींनी जागा कशी पालटते, हे इतक्या कमी कष्टात दुसरं कशानं कळतं? मेसच्या मावशींनी शेवटी दोघींच्या ताटात उरलेली आमटी ओतली आणि दिवा घालवला. त्या मुलीनं मीसचं नावही ऐकलेलं नव्हतं आणि ती बरोबर तिथंच पोचली. मी अजूनही म्हणते, चोरी नव्हती ती. तू अजून हरलेली आहेस.

आता ज्युरीचं. बाहेरून आलेल्या गृहस्थांचं नाव लिहीत नाही. ते उभे राहिले, पेनानं टेबलावर टकटक करत मॉडेल वरून बघितलं. वरून, वैजू! छप्पर बघितलं त्यांनी. म्हणाले, 'प्लॅन कुठाय?' प्लॅन भिंतीवर होता, छोटा, पण होता. मी म्हणाले, 'सर, एकदा खाली वाकून बघा.' तिनं तर दोन्ही हातांनी मॉडेल उचलून त्यांच्या डोळ्यांपर्यंत नेलं. त्यांनी घड्याळ बघितलं, म्हणाले, 'हे क्राफ्टच्या तासाला ठीक आहे,' आणि पुढच्या शीटकडे वळले. पुढची शीट म्हणजे चकचकीत रेंडर, कॉम्प्युटरवर केलेलं फोटोसारखं चित्र. पश्चिमेला मजलाभर काच, बाहेर हिरवळ, संध्याकाळचं गुलाबी आभाळ, आत गोरी माणसं कॉफी पिताहेत. विणकराच्या घरात! सोलापूरच्या मे महिन्यात त्या काचेमागे बसून दाखवावं कुणी. त्याला सगळ्यात जास्त मार्क.

मार्कांचं जाऊ दे. काल ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, 'मॅडम, मला आता डायरेक्ट सॉफ्टवेअरच शिकवा. मॉडेल नको.' लॅपटॉपसाठी वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज उचललंय. ज्या मॉडेलनं तिला सगळं शिकवलं ते घरातल्या कचऱ्यातून झालं होतं, बोर्ड सोडला तर खर्च शून्य. काय बोलायचं मी? 'तुझं बरोबर होतं' हे तर बोललेच. त्यानं तिचं काय होणार? तिला एवढंच कळलं की खरं बघितलं तर मार्क जातात.

आणि दुखणं एवढ्यावर थांबत नाही. पुढच्या वर्षापासून मॉडेल ऐच्छिक करायचं आणि मॉडेलच्या खोलीत आणखी कॉम्प्युटर बसवायचे, असा विषय बैठकीत येतोय. कारणं तयार आहेत. बोर्ड महाग, जागा अडते, धूळ होते, पोरं बोटं कापून घेतात, नोकरीच्या मुलाखतीत मॉडेल कोण विचारतो. गेल्या महिन्यात तूही फोनवर हेच म्हणालीस, 'मॉडेलला वेळ कुणाकडे आहे गं?' मी तेव्हा विषय बदलला, पण ते मला फार लागलं. दुसरं कुणी म्हणालं असतं तर एवढं लागलं नसतं.

माझं सॉफ्टवेअरशी भांडण नाही. मी स्वतः शिकवते. पण त्यात आत शिरलं की नजर आपोआप साडेपाच फुटांवर लावलेली असते. बदलता येते, होय की. पण बदलायची गरज आहे हे सुचायला आधी कुणीतरी काडी तोडून जमिनीशी लावावी लागते. पडद्यावर सगळं पहिल्या मिनिटापासून पूर्ण झाल्यासारखं दिसतं, भिंत गुळगुळीत, सावली मऊ, आणि पोरं प्रश्न विचारायचं बंद करतात. अर्धवट कोलाजमध्ये फाटकी कड दिसते. कार्डाची कड सुटली म्हणून तर भिंत मिळाली. पडद्यावर कुठली कड सुटणार?

सरांनी आल्बर्ससारखा धडा दिला होता तो आठव. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत आल्बर्स शिकवताना पोरांना वर्तमानपत्र द्यायचे, तसं सरांनी प्रत्येकाला 'संचार'चं एकेक पान दिलं. कात्री नाही, डिंक नाही, पान वाया घालवायचं नाही. जाड्यानं गांधी टोपी करून सरांच्या टेबलावर ठेवली आणि सरांनी ती उचलून, आत डोकावून, अगदी गंभीरपणे विचारलं, 'हिच्यात कोण राहणार?' जाड्या आठवडाभर 'टोपीतला बिऱ्हाडकरू' म्हणून फिरला. पण त्याच पानाची एक लांब घडी घालून तू ते उभं केलंस, आणि कागदाचं बळ घडीत असतं हे मला तेव्हा कळलं. पुस्तकातून कळलं असतं, पण मग ते माझं झालं नसतं.

आणि गच्ची? मे महिन्यात भर दुपारी आपली खोक्यांची मॉडेलं घेऊन चढलो होतो, पायाला चटके. आपल्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला असतो. तू तुझ्या उत्तरेच्या भिंतीवर ऊन बघून मला म्हणालीस, 'तू मॉडेल उलटं धरलंयस.' होकायंत्र आणेपर्यंत हेका सोडला नाहीस. उत्तरेकडून ऊन येत नाही असं सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, ते आपलं त्या गच्चीवर कायमचं पुसलं गेलं.

मला खरं म्हणायचंय ते पुढे आहे. थर्ड इयरला सबमिशनच्या आदल्या रात्री तू माझ्या तयार मॉडेलला कटर लावलास. मी चहा घेऊन आले तर मधली भिंत टेबलावर आडवी पडलेली आणि तू म्हणतेस, 'आता आत बघ.' मी तुझ्याशी किती तरी दिवस बोलले नाही. पण वैजू, मी त्या रात्री आत बघितलं होतं. जिना, अंगण आणि मागचं झाड एका रेषेत आले होते, मी महिनाभर प्लॅनवर शोधत होते ते. तुला हे कधी सांगितलं नाही कारण तू ते आयुष्यभर ऐकवलं असतंस. आता ऐकव. पण ज्या बाईनं एक भिंत कापून मला जागा म्हणजे काय ते दाखवलं, तीच 'वेळ कुणाकडे आहे' म्हणते, हे मला पचत नाही.

म्हणून मागणं. फायनल ज्युरीला तू बाहेरची परीक्षक म्हणून ये. मी तुझं नाव सुचवलंय, आणि ते लगेच मान्य झालं, कारण तुझ्या ऑफिसची रेंडरं सगळ्यांना माहीत आहेत. मी मॉडेलसाठी बोलले तर 'मॅडमचं नेहमीचंच' होतं. तू बोललीस तर ऐकतील. माझी बाजू घे असं म्हणत नाही. त्या मुलीचं मॉडेल मी कपाटात ठेवलंय, ते बघ, आणि मग तुला जे वाटेल ते बैठकीत सांग. नको म्हणालीस तर मी भांडेन, ती वेगळी गोष्ट.

तुझं काय चाललंय? चिनूची दहावी आटोपली ना, निकालापर्यंत तिला जरा मोकळं सोड. सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे आईकडून कळलं. नवीन ऑफिसचं भाडं परवडतंय का? आल्यावर सविस्तर बोलू.

शुक्रवारी संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस धर. स्टेशनवर मी येते.

तुझी,
मंगल

ता. क. शेंगाचटणी आणि कडक भाकरी आल्यावर देते, कुरिअरनं भाकरीचा चुरा होतो. येताना आपलं ते थर्ड इयरचं मॉडेल तुझ्या आईच्या माळ्यावर असेल तर घेऊन ये. कापलेल्या भिंतीसकट.