प्लेट रिकामी आली म्हणून

पंचवटी, नाशिक

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, सगळा पावसाळा गोदावरीचे नमुने घेतले, पण जंतू वाढवायच्या प्लेटवर पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू एकदाही वाढला नाही. विषयच बदलावा म्हणते." मी तेव्हा काही बोलले नाही. घाईघाईत फोनवर बोलायची ती गोष्ट नव्हती. विषय ठेवायचा की सोडायचा, ते तू आणि तुझे सर ठरवा. पण त्याआधी एवढं बघ: जंतू पाण्यात नव्हताच, की होता आणि प्लेटवर वाढायला तयार नव्हता?

तू मागे पाठवलेला लेख मी शब्दकोश जवळ घेऊन सावकाश वाचला. त्यातलं अमेरिकेतल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कॉलवेल बाईंचं काम माझ्या डोक्यातून जात नाही. पटकीचा जंतू माणसाच्या आतड्यात राहतो, विष्ठेतून पाण्यात उतरतो आणि पाण्यात फार दिवस टिकत नाही, असं सगळे धरून चालले होते. मग साथ ओसरल्यावर तो जातो कुठे आणि पुढच्या वर्षी त्याच गावात येतो कुठून? बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात हा जंतू सापडला आणि १९७७ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. तिथे तेव्हा पटकीची साथ नव्हती. म्हणजे माणूस नसला तरी तो पाण्यात आपला आपण राहत होता. पुढे १९८२ मध्ये त्याहून मोठी गोष्ट समोर आली. उपासमार झाली, थंडी पडली की हा जंतू आकसतो, जिवंत राहतो, पण प्लेटवर वाढत नाही. अशा नमुन्याचा अहवाल 'आढळला नाही' असाच येणार. नेमकी या जंतूलाच चिकटणारी चमकणारी प्रतिपिंडं लावून सूक्ष्मदर्शकातून बघितलं तर त्याच पाण्यात तो दिसतो. जाणत्या लोकांनीसुद्धा हे कितीतरी वर्षं मानलं नाही. बाई मात्र बांगलादेशच्या तळ्यांपर्यंत पोचल्या आणि दाखवत राहिल्या.

ते समुद्राकाठचं आणि बंगालच्या सखल मुलखातलं पाणी. आपली गोदावरी ब्रह्मगिरीवरून उतरलेली, गोड्या पाण्याची. तिथलं जसंच्या तसं इथे लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण इथे ते कितपत लागू होतं हाच तर तुझा प्रश्न आहे, आणि मला तो मोलाचा वाटतो.

आता माझ्या नोकरीतलं सांगते. आरोग्यसेविका म्हणून सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर मी पाण्याचे नमुने घ्यायचे. टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाकलेल्या विहिरीचा नमुना असला, तर निर्जंतुक बाटलीत आधीपासून क्लोरीन मारणारं थायोसल्फेट घातलेलं हवं, हे आम्हाला पक्कं शिकवलं होतं. ते नसेल तर क्लोरीन बाटलीतही काम करत राहतो, वाटेतच जंतू मारतो आणि प्रयोगशाळेत पाणी स्वच्छ ठरतं. विहिरीत मात्र टीसीएलचा जोर ओसरला की पुन्हा तेच. पाण्याची बाटली बर्फात जायची. पण पटकीचा संशय असलेल्या रुग्णाचा शौचाचा नमुना कॅरी-ब्लेअरच्या (वाटेत जंतू जिवंत ठेवणाऱ्या माध्यमाच्या) नळीत घालून साध्या हवेतच पाठवायचा, बर्फात नाही. असं का, ते तेव्हा कुणी समजावलं नाही. हा लेख वाचल्यावर वाटलं, या जंतूला थंडी सोसत नाही हेच त्यामागे असावं.

म्हणून विचारते, नाशिकहून पुण्याला तू तुझ्या बाटल्या कशा नेल्यास? बर्फात? किती वेळ? ते पटकीच्या जंतूला वाढायला मदत करणारं क्षारीय पेप्टोनचं पाणी काठावरच नमुन्यात मिसळून नेता येईल का, ते सरांना विचार. आणि नमुने तू घेतलेस रामकुंड आणि तपोवनापाशी, तेही पूर असताना. ज्याच्यावरून आपण पूर मोजतो तो नदीतला दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत बुडाला होता तेव्हाचं गढूळ, धावतं पाणी ते. जंतू पाण्यातल्या ज्या बारीक जिवांना धरून राहतो (त्यांचं पुढे लिहिते) ते अशा पाण्यात कितीसे टिकणार? खाली नांदूरमध्यमेश्वरला पाणी संथ आहे, पाणवनस्पती दाट आहेत. पाऊस सरल्यावर तिथला नमुना घेऊन बघ. तुमच्या शास्त्रात हे बसतं की नाही ते तू ठरव. पण पाणी कुठे, कधी आणि कसं भरलं यावर अहवाल किती बदलतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

आता त्या बारीक जिवांबद्दल, कारण मला तोच भाग सगळ्यात आवडला. कोपेपॉड म्हणजे झिंग्याच्या लांबच्या नात्यातला, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव. एकाच्या अंगावर पटकीचे हजारो जंतू चिकटलेले असू शकतात. जंतू एक-दोन मायक्रॉनचा, तो कापडातून सहज निसटतो. पण कोपेपॉड निसटत नाही. कॉलवेल बाई आणि त्यांचे बांगलादेशी सहकारी अन्वर हक यांनी यावरून बायकांच्या हाताशी असलेली वस्तू निवडली: जुनी सुती साडी, निदान चार पदरी घडी केलेली. नव्या साडीपेक्षा जुनेर चांगलं ठरलं. धुऊन धुऊन सूत फुलतं, विणीतली भोकं बारीक होतात. पासष्ट गावांत हे करून पाहिलं. २००३ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा साडीने पाणी गाळणाऱ्या घरांत पटकी सुमारे ४८ टक्क्यांनी कमी झाली होती.

तुझ्या आजीच्या माठावर जुनेराची चौघडी असायची, नळालाही फडकं बांधलेलं असायचं. ती काडीकचरा आणि नारू, म्हणजे पाण्यातून अंगात शिरणारा लांब कृमी, अडवायला गाळायची. नारूही अशाच बारीक जिवाच्या पोटातून यायचा, म्हणून गाळण्याने तो खरोखर अडायचा. २००० साली भारत नारूमुक्त ठरला, त्यात या फडक्यांचा वाटा मोठा आहे.

तरी फडकं म्हणजे सगळ्यावर उपाय, असं कुणाला सांगू नकोस. कावीळ करणारा विषाणू आणि पाण्यात सुटा फिरणारा विषमज्वराचा जंतू त्यातून आरामात पार होतात. त्यासाठी उकळणं किंवा क्लोरीन हवाच. टीसीएलची पिशवी उघडी राहिली की क्लोरीन उडून जातो आणि नुसती पांढरी पूड उरते. ती कितीही टाकली तरी ओटी चाचणीत, म्हणजे नळीत थेंब टाकून क्लोरीन बघायच्या चाचणीत, पाणी पिवळा रंग धरत नाही. नळाला निदान ०.२ पीपीएम क्लोरीन शिल्लक दिसला पाहिजे. गावच्या पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या जलसुरक्षकाने रोज ती नळी हातात धरली तर पहिल्या पावसातला गॅस्ट्रो पुष्कळ गावांत येणारच नाही. या कामाला मी तुझ्या संशोधनाइतकाच मान देते.

शंभुनाथ डे यांचं नाव तुला माहीत आहेच. १९५९ मध्ये कोलकात्यात त्यांनी दाखवलं की पटकीचा जंतू एक विष सोडतो आणि आतड्यातून पाणी वाहून जातं ते त्या विषामुळे. पुढे १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोड्याचं पाणी पाजायला लावलं. मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चारच्याही खाली आले. ओआरएसची पुडी मी किती आयांच्या हातात दिली असेल, आणि मान टाकलेलं मूल संध्याकाळपर्यंत दूध मागताना पाहिलं आहे. त्या पुडीमागे कुणीतरी चिकाटीने केलेलं संशोधन आहे हे मला ठाऊक होतं, म्हणूनच तू हा विषय घेतलास तेव्हा मला इतका आनंद झाला.

सिंहस्थ कुंभमेळा २०२७ मध्ये भरात येईल. लाखो माणसं रामकुंडात उतरतील, तीर्थ म्हणून ओंजळभर पाणी पितील, बाटल्या भरून नेतील. मीही गंगेवर, आपल्या गोदावरीवर, गेले की हात जोडते. पण तिच्यात काय आहे हे तपासणं मला पूजेच्या आड येणारं वाटत नाही. पर्वणीआधीचं, पर्वणीतलं आणि नंतरचं पाणी एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने कुणीतरी नीट बघून ठेवायला हवं. रिकाम्या प्लेटांची नोंदही त्यात हवी, तारीख, वेळ आणि पाण्याच्या उष्णतेसकट. तू आत्तापर्यंत केलेलं काही वाया गेलेलं नाही. ती वही फेकू नकोस.

दिवाळीला येशील तेव्हा दोन दिवस जास्तीचे काढ. सुरगाण्याच्या ज्या पाड्यावर मी होते तिथे घेऊन जाते. झिऱ्यावर वाटीने पाणी भरणाऱ्या बायकांशी बोल. पाणी गाळतात का, उकळायला सरपण पुरतं का, पाण्यात टाकायच्या मेडिक्लोरचा (क्लोरीनच्या थेंबांचा) वास पोरांना चालतो का, हे त्या तुला सांगतील. पहाटे निघावं लागेल, पाणी भरायची वेळ चुकली तर सगळ्या शेतावर जातात. बाबा गाडी काढायला तयार आहेत. नमुन्याच्या बाटल्या मात्र तू तिकडूनच निर्जंतुक करून आण, इथे सोय होणार नाही.

तुझी
आई