'यादीत नाही' म्हणा, 'शब्दच नाही' म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात कोल्हापुरात शाळकरी मुलांसाठी मराठी शब्दखेळाची स्पर्धा झाली. माझी आठवीतली नात त्यात खेळत होती आणि मी मागच्या बाकावर बसून बघत होते. पुठ्ठ्याचे चौकोन, प्रत्येकावर एक व्यंजन, कोपऱ्यात त्याचे गुण. काना, मात्रा, वेलांटी ज्याची त्याने लावायची. समोरच्या मुलाने 'खोडवा' लावला. तो चालला. नातीने त्याच 'वा'ला धरून उभा 'निडवा' लावला आणि 'ड' नेमका दुप्पट गुणांच्या घरात बसला. परीक्षकांनी टेबलावरचा कोश उघडला, पानावरून बोट फिरवले आणि म्हणाले, "असा शब्दच नाही." तिने अर्थ सांगितला. लागणीचा ऊस तोडल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा आणि खोडवा तोडल्यावर पुन्हा फुटतो तो निडवा. "कोशात नाही ना बाळ, मग शब्द नाही," असे उत्तर मिळाले आणि तिचा डाव गेला.

परत येताना रिक्षात बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "आजी, मग मामाआजोबा चुकीचं बोलतात व्हय?"

माझे माहेर कागल तालुक्यातले. माझा भाऊ आजही ऊस लावतो आणि खोडवा गेला की निडवा ठेवायचा की रान मोकळे करायचे, याचा हिशेब दरवर्षी घालतो. आमच्या जिल्ह्यात हा शब्द सांगायला कोणाला कोश लागत नाही. नातीचा डाव गेला याचे मला दुःख नाही. परीक्षकांबद्दल रागही नाही, त्यांनी हातातल्या पुस्तकाप्रमाणे निकाल दिला. पण "आमच्या यादीत नाही" आणि "असा शब्दच नाही" ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिले म्हणण्याचा परीक्षकाला पूर्ण अधिकार आहे. दुसरे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही, कोशकारालाही नाही. हे सांगण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

मी सत्तावीस वर्षे येथील एका छापखान्यात मुद्रिते तपासली. कोश माझ्या उजव्या हाताला असायचा, त्याच्या पानांच्या कडा शाईच्या बोटांनी काळ्या झाल्या होत्या. तेव्हा कोशाचा अनादर माझ्याकडून व्हायचा नाही. पण रोज कोश उघडणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. कोशकार शब्दांना परवानगी देत नसतो, तो शब्दांची नोंद करतो. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश १८८४ ते १९२८ या काळात भागाभागाने निघाला, तो वाचकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्यांवर उभा राहिला. शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य आणि ते कुठे वाचले ते, एवढे चिठ्ठीवर असायचे. आपल्याकडे दाते-कर्वे मंडळींनी महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात काढले. त्यात शब्दापुढे ज्ञानेश्वरीतली किंवा तुकारामांच्या गाथेतली ओळ दिसते, कुठे वऱ्हाडी, कुठे गोमंतकी अशी खूण दिसते. सात खंड संपल्यावरही १९५० मध्ये पुरवणी विभाग काढावा लागला. एवढे काम केलेल्या माणसांनीच 'अजून शब्द राहिले आहेत' हे छापून मान्य केले आहे. मग शाळेच्या दप्तरात मावणाऱ्या कोशाच्या भरवशावर आपण 'शब्दच नाही' कसे म्हणायचे?

जो शब्द छापून येतो, तो कोशकाराच्या नजरेला सहज पडतो. जो बांधावर, गुऱ्हाळात किंवा तालमीत बोलला जातो, तो कोणी मुद्दाम जाऊन टिपला तरच कोशात येतो. काहील (रस उकळायची मोठी कढई), चुलवाण (तिच्याखालची भट्टी), गुळव्या (गूळ करणारा) हे शब्द ज्याने गुऱ्हाळ पाहिले त्याच्या तोंडी आपोआप बसतात. लाल मातीत पोरगा आधी घिस्सा आणि ढाक हे कुस्तीचे डाव शिकतो, ते शब्द लिहायची वेळ त्याच्यावर क्वचितच येते. हे शब्द एखाद्या छोट्या कोशात नसले तर तो त्या कोशाच्या पानांचा आणि किमतीचा प्रश्न आहे.

इंग्रजीत हा गुंता त्यांनी कसा सोडवला, ते पाहण्यासारखे आहे. स्क्रॅबल हा असाच अक्षरांचे चौकोन लावून शब्द जुळवायचा खेळ आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने १९३० च्या दशकात बसवला. कोणत्या अक्षराचे किती चौकोन ठेवायचे, हे त्याने वर्तमानपत्रांतली अक्षरे मोजून ठरवले. शब्दांबाबत नियम साधा होता: खेळ सुरू होण्याआधी कोणता कोश मानायचा ते आपापसांत ठरवा. स्पर्धा वाढल्या तसे हे पुरेना. १९७८ मध्ये अमेरिकेत खेळाडूंसाठी खास कोश निघाला. तेव्हाच्या प्रचलित कोशांमधून शब्द घेतले, विशेषनामे, संक्षेप, जोडरेघ लागणारे शब्द वगळले आणि अनेकवचने, क्रियापदांची रूपे सरळ छापून टाकली. उत्तर अमेरिकेबाहेरच्या स्पर्धांत कॉलिन्स या कोश काढणाऱ्या प्रकाशकाची यादी चालते, तिच्यात पावणेतीन लाखांहून जास्त शब्द आहेत. एवढा आकडा होतो तो रूपे धरल्यामुळे. आपले 'घी', 'रोटी', 'लाख' हे शब्द तिथे बिनतक्रार चालतात, कारण इंग्रजी लिहिणाऱ्यांनी ते वापरले आणि कोशकारांनी टिपले.

म्हणजे कोश आणि खेळाची यादी या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२० साली अमेरिकेतल्या खेळाडूंच्या संघटनेने वंश, धर्म वगैरेंवरून माणसाला हिणवणारे शब्द स्पर्धेच्या यादीतून काढले. कोशातून ते गेले नाहीत, कारण अशी शिवी दिली जाते ही नोंद कोशाला ठेवावीच लागते. मुलांनी त्या शिवीवर गुण मिळवावेत का, हा प्रश्न निराळा. आपल्या जुन्या कोशांतही जातीवरून हिणवणारे शब्द आणि म्हणी आहेत. मराठी खेळाची यादी झाली तर पहिल्या दिवशीच हा विचार करावा लागेल, आणि तो करावाच.

त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट मात्र मला आपल्याकडे नको आहे. नायजेल रिचर्ड्स या न्यूझीलंडच्या खेळाडूने २०१५ मध्ये फ्रेंच भाषेतली जागतिक स्पर्धा जिंकली. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते, त्याने शब्दांची यादी पाठ केली होती. त्याच्या स्मरणशक्तीला मी हात जोडते. पण इकडे आमच्या पोरीला शब्दाचा अर्थ, पीक, हंगाम सगळे ठाऊक होते आणि तिचा शब्द बाद झाला. मराठीचा खेळ मराठी मुलांनी खेळायचा तो भाषा हाताशी यावी म्हणून. अर्थ सांगणाऱ्या मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याची एखादी वाट आपल्या नियमांत असलीच पाहिजे.

मराठीत अशी यादी करणे सोपे नाही, हे मुद्रिते तपासणाऱ्या बाईला कोणी सांगायला नको. आपले लेखनाचे १४ नियम १९६२ मध्ये आले, आणखी ४ नियम १९७२ मध्ये. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ ची, आणि दाते-कर्वे यांचे खंडही या नियमांच्या आधीचे. जुन्या कोशात 'नांव' म्हणजे माणसाचे आणि 'नाव' म्हणजे पाण्यातली. आज दोन्ही 'नाव'. तिथे 'कवि' आहे, आपण आज 'कवी' लिहितो, पण 'कविराज' लिहिताना वेलांटी पुन्हा पहिली. जुना कोश प्रमाण धरला तर नियमाने लिहिणारे मूल हरते, नियम धरले तर कोश उघडण्यात अर्थ राहत नाही. शिवाय विभक्ती. 'घर' चालणार हे उघड आहे. मग 'घरात', 'घरातला', 'घरातल्यांना', 'घरातल्यांनासुद्धा' यांपैकी कुठे थांबायचे? कोशात यातले एकही रूप सापडणार नाही. माझ्या मते लहान मुलांच्या खेळात मूळ शब्द, त्याचे अनेकवचन आणि क्रियापदाची साधी रूपे घ्यावीत, प्रत्यय जोडून लांबवलेली रूपे सोडावीत. दुसऱ्या कोणाचे मत वेगळे असेल. काहीही ठरवा, पण पहिला चौकोन पटावर पडण्याआधी ठरवा आणि भिंतीवर लावा. त्या दिवशी कोणता कोश प्रमाण आहे, हे मुलांना आधी कोणी सांगितलेच नव्हते.

आता थोडे आपल्याकडेही वळते. आपल्या पुरवणीतले शब्दकोडे मी चहाबरोबर सोडवते, त्यात खंड नाही. कधीकाळी एका कोड्यात सूचना होती: भेळेतला मुख्य जिन्नस, चार अक्षरे. मी क्षणात 'चिरमुरे' लिहिले आणि उभा शब्द अडला. तिथे 'चु' हवा होता. आम्ही कोल्हापूरकर चिरमुरे म्हणतो, पुण्यात चुरमुरे, मुंबईत कुरमुरे, विदर्भात मुरमुरे. चारही शब्द चार अक्षरांचे, चारही 'रमुरे'ने संपणारे, फरक फक्त पहिल्या घरात. त्या एका घरात सोडवणाऱ्याचे गाव कळते! कोडे रचणाऱ्याने एकच उत्तर धरायचे हे मला मान्य आहे, चौकोनाला दुसरा इलाज नसतो. पण सूचनेत '(पुण्याकडे)' एवढे छापले असते, तर आमच्या घरचा शब्द चूक ठरला नसता, शेजारच्या घरचाही एक शब्द कळला असता.

माझी विनंती मोठी नाही. कोड्याच्या वर आपण कोणता कोश आणि कोणते लेखननियम मानता, ते एका ओळीत छापावे. आणि आठवड्यातून एकदा पुरवणीचा एक कोपरा वाचकांच्या शब्दांना द्यावा: शब्द, अर्थ, कोणत्या तालुक्यात बोलतात आणि तो शब्द आलेले, कानांनी ऐकलेले एक वाक्य. वाक्याशिवाय शब्द घेऊ नये, नाहीतर कोणीही काहीही जोडून पाठवील. गोळा झालेल्या चिठ्ठ्या पुढे शिवाजी विद्यापीठाच्या मराठी विभागाकडे द्याव्यात, तिथे त्या तपासणारी जाणती माणसे आहेत. एक प्रत १८५० पासून चालत आलेल्या आपल्या करवीर नगर वाचन मंदिराकडेही राहावी, म्हणजे ज्याला पाहायची त्याला पाहता येईल. पुढच्या वर्षी स्पर्धा भरवणाऱ्यांनी कोशाशेजारी ही वही ठेवली, तर परीक्षकांचेही काम हलके होईल.

आपल्या उत्तराची वाट न पाहता पहिली चिठ्ठी या पत्रासोबत पाठवत आहे. अक्षर नातीचे आहे. वाक्य तिने रविवारी गावी जाऊन, मामाआजोबांच्या शेजारी बांधावर बसून उतरवून घेतले आहे.

निडवा. पुल्लिंगी. खोडवा तोडल्यावर त्याच बुडख्यातून येणारे उसाचे पुढचे पीक. तालुका कागल. "औंदा निडवा ठेवायचा न्हाई, रान मोकळं करायचं."

कळावे,
आपली एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर