ब्रेकचे काम पूर्ण झाले

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गाडीच्या पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड आणि ते चाकाच्या डिस्कवर दाबणारे कॅलिपर मी घरीच बदलणार आहे हे कळल्यापासून तुमच्या जिवाला घोर लागला आहे. तुम्हाला आणायला मी हीच गाडी घेऊन येणार असल्यामुळे, काम कसे केले ते सविस्तर लिहिते आहे.

आई, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीला मी हात लावला नाही. मागच्या चाकांना अडण लावली, पुढचे नट चाके जमिनीवर असतानाच सैल केले आणि गाडी स्टँडवर टेकवून, हलवून पाहिल्यावरच चाके काढली.

बाबा, डाव्या चाकाचा आतला पॅड जेमतेम २ मिलिमीटर उरला होता, बाहेरचा मात्र ७. कॅलिपरच्या सरकत्या पिना मोकळ्या होत्या, पण पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनवरचे रबर फाटून आत गंज चढल्यामुळे तो मागे सरकतच नव्हता, म्हणजे तो पॅड सतत डिस्कला घासत राहिला होता. एकाच बाजूचे काम केले तर गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढू शकते, म्हणून दोन्हीकडचे कॅलिपर आणि पॅड बदलले.

सर्वांत जास्त वेळ मी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढण्यावर घालवला. ब्रेक ऑइल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. नळीत बुडबुडा राहिला तर पेडल खाली जाते आणि चाकावर पुरेसा जोर पोहोचत नाही. कॅलिपरची डावी-उजवी अदलाबदल झाली तर निपल (हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) खाली येतो आणि हवा वरच अडकते, म्हणून दोन्ही निपल वरच्या अंगाला आहेत हे आधी पाहिले. नळीच्या जोडाला तांब्याचे नवे वॉशर घातले. मग शेजारच्या ताईंनी पेडल दाबून धरायचे, मी निपल उघडायचा आणि तो बंद केल्यावरच त्यांनी पेडल सोडायचे, असे बुडबुडे थांबेपर्यंत केले. टाकीतले ऑइल मात्र एकदाही तळाला जाऊ दिले नाही.

आता पेडल वरच घट्ट लागते. मोकळ्या रस्त्यावर वेग कमी-जास्त करत नवे पॅड डिस्कवर बसवून घेतले. उद्या टॉर्क रेंचने (नट ठरावीक जोराने आवळायच्या पान्याने) चाकांचे नट पुन्हा तपासेन, जोडांना कोरडा कागद लावून गळती नाही ना ते पाहीन आणि मगच तुम्हाला आणायला निघेन.

तुमची,
धाकटी