सीएचं पॅकेज छापता, पहिली नोकरी कशी मिळते तेही छापा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सीए फायनलचा निकाल लागला की तुमच्या पेपरात काय येणार हे आता पाठ झालंय. रँकरचा फोटो, आईवडील पेढा भरवताना, आणि थोड्या दिवसांनी कॅम्पस प्लेसमेंटमधलं सगळ्यात मोठं पॅकेज हेडलाइनमध्ये. रँकर पोरांचं कौतुक व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्याच निकालात पास झालेली बाकीची हजारो पोरं त्यानंतर काय करतात, पहिली नोकरी कुठे शोधतात, किती पगारावर लागतात, हे मी तरी कधी वाचलं नाही. आणि ती हेडलाइन घराघरात वाचली जाते हो. मग काका फोन करतात, अरे तुझं किती झालं, पेपरात तर एवढे लाख आलेत.

मी स्वतः सीए आहे, एका मॅन्युफॅक्चरिंग कंपनीत अकाउंट्स बघते, आणि आमच्याकडे फ्रेशर घ्यायचे असले की इंटरव्ह्यू घेणाऱ्यांत मीही असते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी जे दिसतं ते लिहितेय, थोडं लांबेल.

आधी त्या पॅकेजचं. जो आकडा छापून येतो तो सीटीसी असतो, म्हणजे कंपनीला तो माणूस वर्षाला केवढ्याला पडतो तो आकडा. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो, म्हणजे बेसिकचे १२ टक्के, ग्रॅच्युइटी म्हणून बेसिकचे ४.८१ टक्के धरलेले असतात जे लगेच कुणाच्या हातात पडत नाहीत, व्हेरिएबल पे असतो जो कंपनीचं आणि बॉसचं वर्ष बरं गेलं तर मिळतो, जॉइनिंग बोनस असतो जो ठरलेल्या मुदतीच्या आत सोडलं तर बऱ्याच ठिकाणी परत द्यावा लागतो, मेडिक्लेमचा प्रीमियमही कधी कधी त्यातच टाकतात. हे सगळं वजा करून आणि टॅक्स कापून महिन्याला बँकेत जे येतं ते बघून पोराला वाटतं आपल्याला फसवलं, आणि काकांना वाटतं पोरगं खोटं बोलतंय.

दुसरं म्हणजे फायनल पास झालं की माणूस लगेच सीए होत नाही हेही बऱ्याच घरांत माहीत नसतं. इन्स्टिट्यूटकडे (आयसीएआय, म्हणजे सीएंची देशपातळीवरची संस्था) मेंबरशिपचा अर्ज करायचा, फी भरायची, मेंबरशिप नंबर आला की मग नावापुढे सीए लावायचं. काही कंपन्यांचे ऑनलाइन फॉर्म तर हा नंबर टाकल्याशिवाय पुढेच सरकत नाहीत, तेव्हा नवीन पास झालेल्यांनी हा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाकून द्यावा, सत्कार काय नंतरही होतील.

आता मुद्द्याचं. इन्स्टिट्यूट दर वेळी कॅम्पस घेते, मोठमोठ्या शहरांत, आणि ही सोय चांगली आहे, नसती तर हाल कुत्रं खात नव्हतं. पण तिथे कंपनी आधी शॉर्टलिस्ट करते, आणि शॉर्टलिस्ट करताना समोर माणूस नसतो, एक एक्सेल असते. एक्सेलला फिल्टर लागतो. अटेम्प्ट किती, रँक आहे का, आर्टिकलशिप, म्हणजे सीए होताना फर्ममध्ये करावी लागणारी सक्तीची उमेदवारी, कुठल्या फर्ममध्ये. संपलं. ज्याने जिल्ह्याच्या गावी दोन पार्टनरच्या फर्ममध्ये आर्टिकलशिप केली आणि दुसऱ्या-तिसऱ्या अटेम्प्टला सुटला त्याचं नाव फिल्टर लावल्या क्षणी गेलं, त्याला काय येतं हे कुणी विचारलंच नाही.

या अटेम्प्टच्या फिल्टरचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. आत्ताच्या स्कीममध्ये फायनलच्या एका ग्रुपला तीन पेपर, प्रत्येकात किमान ४० पाहिजेत आणि ग्रुप मिळून ३०० पैकी १५०. एकाला १५२ पडले तो फर्स्ट अटेम्प्ट, दुसऱ्याला १४८ पडले तो नापास. दोघांच्या अकाउंटिंगच्या समजेत चार मार्कांनी असा काय फरक पडतो? बरं, पूर्वी परीक्षा वर्षातून दोनदा व्हायची, २०२५ पासून फायनलही तीनदा होते, म्हणजे तीन अटेम्प्ट लागले तरी पूर्वीच्या मानाने वेळ कमी गेलेला असतो, पण एचआरचा फिल्टर आहे तिथेच आहे, जास्तीत जास्त दोन अटेम्प्ट. तो कुणी, कधी आणि कशाच्या आधारावर ठरवला हे आमच्याच कंपनीत मी विचारलं तर कुणाला सांगता आलं नाही, आधीपासून आहे म्हणाले.

कॅम्पसमध्ये नाही झालं की मग पोर्टल. तिथल्या जाहिराती वाचा एकदा संपादक साहेब, खरंच वाचा, करमणूक होईल. वर लिहिलेलं असतं 'फ्रेशर सीए पाहिजे' आणि खाली 'किमान १ ते २ वर्षं पोस्ट क्वालिफिकेशन अनुभव'. म्हणजे पास झाल्यानंतरचाच अनुभव, त्याच्या आधीचं सगळं शून्य. अहो पण आर्टिकलशिप म्हणजे काय कॉलेजची इंटर्नशिप आहे का, प्रोजेक्ट फाइल रंगवली आणि सही घेतली? सकाळी दहा ते रात्री ऑफिस सुटेल तेव्हा, सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिट, त्याच्या आगेमागे कंपन्यांचं स्टॅच्युटरी ऑडिट, दर महिन्याला जीएसटीची रिटर्न्स, पार्टीची बिलं जीएसटीच्या २बी स्टेटमेंटमध्ये दिसत नाहीत म्हणून पार्टीच्या माणसाशी फोनवर हुज्जत, बँकेचं स्टॉक ऑडिट असेल तर गोडाऊनमध्ये जाऊन पोती मोजणं, आणि हे सगळं ज्या स्टायपेंडवर करतात तो सांगायला पोरं लाजतात. एवढं करून पास झालं की कंपनी म्हणते तुमचा अनुभव शून्य. छोट्या फर्ममधला आर्टिकल तर व्हाउचिंगपासून (बिलं-पावत्या तपासण्यापासून) बॅलन्सशीट फायनल करेपर्यंत सगळ्यात असतो, कारण दुसरं कुणी करायला नसतंच तिथे.

आता अजून एक भर पडलीय. जुलै २०२३ पासून नवी स्कीम आली, त्यात आर्टिकलशिप तीनची दोन वर्षं झाली आणि ती संपल्यावर सहा महिने अभ्यासाला ठेवून मग फायनल. पोरांना अभ्यासाला वेळ मिळतो, त्या दृष्टीने चांगलंच आहे. पण त्याचा परिणाम असा की आर्टिकलशिप संपल्यापासून निकाल लागेपर्यंत सीव्हीवर सरळ एक मोकळी जागा दिसते, आणि एखादा अटेम्प्ट गेला तर ती अजून वाढते. मग इंटरव्ह्यूमध्ये पहिला प्रश्न, या काळात तुम्ही काय केलंत? अभ्यास केला, अजून काय करणार! ती मोकळी जागा स्कीमनेच ठेवलीय हे विचारणाऱ्याला माहीत नसतं, कारण तो स्वतः जुन्या स्कीमने झालेला असतो.

आमच्याकडचं एक उदाहरण सांगते. आम्ही फ्रेशर घेताना एक पान देतो, एका क्रेडिटरचं, म्हणजे ज्याचे पैसे आम्ही देणं लागतो त्याचं, लेजर (खातं), त्यात मुद्दाम घोळ ठेवलेले. एक पेमेंट कुठल्याच बिलाला ॲडजस्ट केलेलं नाही, मध्ये एकदा डेबिट बॅलन्स येतो, आणि ३१ मार्चला एक जुनं बिल बाकी दिसतं. मागच्या वेळी एक मुलगा आला होता, छोट्या फर्ममधला. त्याचा सीव्ही एचआरने आधी बाजूलाच टाकला होता, अटेम्प्ट जास्त म्हणून, पण मला त्या वेळी टाकलेले सीव्हीसुद्धा बघायचे होते म्हणून तो ढीग परत मागवला त्यात हा निघाला. त्याने पेन्सिल घेतली, काही न बोलता ३१ मार्चच्या आकड्याला गोल केला आणि विचारलं, "मॅडम, या पार्टीचं उद्यम सर्टिफिकेट घेतलंय का? मायक्रो-स्मॉलमध्ये आहे का? आणि मॅन्युफॅक्चरर आहे का ट्रेडर?"

ज्यांचा अकाउंट्सशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. २०२३ च्या फायनान्स ॲक्टने इन्कम टॅक्समध्ये ४३बी(एच) नावाचं कलम आणलं, त्याप्रमाणे मायक्रो किंवा स्मॉल उद्योगाचे (उद्यम सर्टिफिकेट म्हणजे त्याच नोंदणीचा कागद) पैसे ठरलेल्या मुदतीत, म्हणजे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी टॅक्ससाठी उत्पन्नातून वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. एका बिलामुळे टॅक्स वाढतो. हे कलम पाठ असणारे खूप येतात, पण लेजर बघून आधी पार्टी कोण आहे ते विचारावं हे ज्याने खरोखर चार पार्ट्यांचं काम केलंय त्यालाच सुचतं.

त्याच दिवशी एक दुसरा मुलगा होता, मोठ्या फर्मचा, बोलणं एकदम सफाईदार, लीजच्या अकाउंटिंग स्टँडर्डवर मला शिकवेल इतकं तयार. पण लेजर हातात दिल्यावर अडखळला. त्यात त्याचा दोष नाही, त्याला तिथे जवळपास पूर्ण वेळ एकाच मोठ्या क्लायंटच्या एकाच सेक्शनवर बसवलं होतं. लिस्टेड कंपनीच्या रिपोर्टिंगला तो त्या पहिल्या मुलापेक्षा कधीही सरस ठरेल. आम्हाला पाहिजे होता तो पहिला. कुणाला कुठला पाहिजे हे कामावरून ठरायला हवं एवढंच माझं म्हणणं, आणि ते फर्मच्या नावावरून कळत नाही, अटेम्प्टवरून तर नाहीच नाही.

आता थोडं पोरांनाही बोलते, कारण सगळा दोष कंपन्यांवर ढकलून चालणार नाही. तुमचे सीव्ही सगळे एकाच साच्यातले असतात. 'स्टॅच्युटरी ऑडिट, टॅक्स ऑडिट व जीएसटीच्या कामात सहभाग.' सहभाग म्हणजे काय? झेरॉक्स काढल्या का रिपोर्ट लिहिला? कुठल्या धंद्याचा क्लायंट, साधारण केवढा, त्यात तुम्ही स्वतः काय बघितलं, काय सापडलं, ते लिहा ना. मात्र क्लायंटचं नाव टाकू नका. एक जण इंटरव्ह्यूमध्ये मोबाइलवर जुन्या क्लायंटची बॅलन्सशीट उघडून दाखवायला लागला, त्याला वाटलं आम्ही खूश होऊ, आम्ही मनात म्हटलं उद्या हा आमचीही दाखवेल. तो विषय तिथेच संपला.

आणि कमी पगाराची पहिली ऑफर घ्यावी का, हे मला बरेच जण विचारतात. माझं मत, काम काय आहे त्यावर ठरवा. वर्षभरात निदान एक तरी क्लोजिंग (हिशेब पूर्ण करून बंद करणं) स्वतःच्या हाताने करायला मिळणार असेल आणि वर विचारायला एखादा जाणता माणूस असेल तर थोडे पैसे कमी चालतील. नुसतं सही केलेल्या व्हाउचर्सचे गठ्ठे लावायला सीए पाहिजे असेल तर नाही म्हणा. आणि कुणी ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतो म्हणालं, बाँड म्हणून, तर पगार कितीही असो, उठून या. मुलींना लग्नाचं विचारतात अजूनही, कधी करणार, नवरा कुठला असणार. मला विचारलं होतं तेव्हा मी कामाचं विचारा म्हटलं. नोकरी मिळाली नाही तिथे, बरंच झालं.

इन्स्टिट्यूटच्या ब्रँचेसना पण एक सांगावंसं वाटतं. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, लातूर, सगळीकडे ब्रँच आहे, आणि आजूबाजूच्या एमआयडीसीतल्या बऱ्याच कंपन्यांना अकाउंट्सला माणूस मिळत नाही म्हणून त्या रडत असतात. तिथे मोठ्या कॅम्पससारखा थाट नको, एका शनिवारी हॉलमध्ये कंपनीवाले आणि नवीन पास झालेले समोरासमोर बसले तरी पुष्कळ आहे, फक्त आधी फिल्टर लावू नका.

तुम्हाला विनंती अशी की पुढच्या निकालाला रँकरच्या फोटोशेजारी थोडी जागा बाकीच्यांना द्या. एखादा वार्ताहर पास झाल्यानंतर सहा महिन्यांनी चार-पाच जणांना भेटू दे, किती ठिकाणी अर्ज केले, किती जणांनी साधं 'नाही' तरी कळवलं, पहिल्या महिन्याला हातात काय आलं, विचारू दे. पोरं सांगतील, त्यांना कुणी विचारत नाही एवढंच.

आणि ज्या छोट्या-मध्यम कंपन्यांना आमच्यासारखं एक पान देऊन फ्रेशर घेऊन बघायचेत त्यांच्यासाठी ते लेजर मी द्यायला तयार आहे, नावं आणि आकडे बदललेले आहेत. माझा ईमेल या पत्रासोबत तुमच्याकडे दिलाय, कुणी मागितलं तर पुढे पाठवा, मी उत्तरासकट पाठवेन.

आपली,
एक सीए वाचक
(नाव छापू नये ही विनंती, ऑफिसात सांगितलेलं नाही.)